आधी ब्रश, मग चहा. दात आंबलेले असताना ब्रश नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या आरोग्याच्या पानावर एक छोटी चौकट आली होती, सकाळी ब्रश कधी करावा म्हणून, आणि त्यात सरळ लिहिलं होतं की नाश्ता झाला की लगेच ब्रश करा म्हणजे दिवसभर दात स्वच्छ राहतात. माझ्या नातवाने ती चौकट कापून बेसिनच्या आरशावर चिकटवली, कारण त्याच्यात आणि माझ्यात रोज सकाळी हाच वाद असतो, आणि आता त्याच्या बाजूने पेपर उभा राहिला. पेपरात छापून आलं की लोक खरं धरतात, निदान आमच्याकडे तरी अजून धरतात, म्हणून राहवलं नाही आणि हे पत्र लिहायला बसले. त्या चौकटीतला 'लगेच' हा शब्द चुकीचा आहे आणि तो चुकीचा असल्याची किंमत मी स्वतःच्या दातांनी मोजलीये.

मी डॉक्टर नाही. सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवायचे, आता रिटायर आहे. शाळेत असताना सकाळी ७ ची एसटी पकडायची म्हणून ५ वाजता उठायचं, आधी तोंड धुवायचं, मग चहा, मग डबे, आणि नाश्ता शाळेत मधल्या सुट्टीत. तेव्हा दातांची कधी तक्रार नव्हती. रिटायर झाल्यावर सकाळ मोकळी झाली आणि तिथेच बिघडलं. वजन वाढलं, शुगर बॉर्डरवर आली, मग आम्ही सगळ्या जणी मिळून वॉकला जायला लागलो आणि तिथे सगळ्यांचं एकच, कोमट पाण्यात लिंबू आणि मध. मी पण सुरू केलं. उठलं की तोंड न धुता मोठा ग्लासभर, तो पण एका दमात नाही, गरम असायचं ना, तर पेपर वाचत घोट घोट करत पंधरा वीस मिनिटं. ते झालं की दात कसे खरखरीत लागायचे जिभेला, म्हणून लगेच बेसिनपाशी जाऊन कडक ब्रशने घसाघस घासायचे. मला वाटायचं आंबट निघून जातंय, किती छान स्वच्छ होतंय. हे असं जवळजवळ दोन वर्षं, रोज, एक दिवस न चुकता.

मग एका उन्हाळ्यात माठातलं पाणी प्यायले आणि डाव्या बाजूने कळ आली ती थेट कानापर्यंत. आधी वाटलं दाढ किडली. मग आमरस खाताना तेच, आइस्क्रीमचा तर प्रश्नच नाही, नंतर नंतर थंड वारा तोंडात गेला तरी शिणका यायच्या. आमच्या इथली दातांची डॉक्टर तरुण मुलगी आहे, तिने तपासलं आणि म्हणाली कीड एकही नाही काकू, पण दातांच्या मानेशी, हिरडीला लागून, खाचा पडल्यात आणि वरचं कवच झिजलंय. मग तिने विचारलं की सकाळी उठल्यापासून काय काय करता ते ओळीने सांगा. मी सांगितलं. ती म्हणाली, लिंबूपाणी आणि ब्रश यांच्यात किती वेळ जातो? मी म्हणलं, वेळ कसला, लगेच. तिने पेन खाली ठेवलं आणि मला नीट समजावून सांगितलं, ते मी इथे माझ्या भाषेत सांगते.

दाताचं वरचं कवच, इनॅमल म्हणतात ते, आपल्या शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ आहे, हाडाहूनही कठीण. पण ते जवळजवळ सगळं खनिजाचं, कॅल्शियम आणि फॉस्फेटचं बनलेलं, त्यात जिवंत पेशी नसतात, त्यामुळे हाड मोडलं तर जुळतं तसं ते झिजलं तर परत उगवत नाही. आणि त्याला आंबट सोसत नाही. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट. तोंडातला पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधली खनिजं विरघळायला लागतात आणि वरचा थर थोडा वेळ मऊ पडतो. लिंबाच्या रसाचा पीएच असतो २ ते ३ च्या दरम्यान. म्हणजे किती खाली ते बघा.

हे ऐकल्यावर मला एकदम आमचा ओटा आठवला. ज्यांच्या घरात जुना कडप्प्याचा ओटा आहे त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. त्यावर लिंबाची फोड पडून राहिली, लोणच्याचं पाणी सांडलं, की काळ्याभोर दगडावर पांढुरका डाग पडतो आणि तो साबणाने, पावडरीने, कशाने जात नाही. शहाबादी फरशीचं पण तेच. कारण तो डाग लागलेला नसतोच मुळी, तिथला दगडच लिंबाने खाल्लेला असतो. आता त्या ओल्या लिंबावरच तुम्ही तारेची घासणी फिरवली तर? दगड अजूनच जाईल ना. मी दोन वर्षं स्वतःच्या दातांवर तेच करत होते. ओट्यावर लिंबू सांडलं तर मी सुनेला ओरडायचे, आणि दातांवर रोज हाताने ओतत होते.

आणि आपल्या मराठीत तर यासाठी शब्दच आहे हो, दात आंबणे. कैरी खाल्ली, चिंचा खाल्ल्या, आवळा खाल्ला की पोरं म्हणतात दात आंबले, आता काही चावत नाही. लहानपणापासून म्हणत आलोय पण ते काय असतं याचा कधी विचार केला नाही. तेव्हाच तर दाताचं कवच कच्चं असतं. म्हणून तुमच्या चौकटीऐवजी मी एकच ओळ छापली असती, की दात आंबलेले असताना ब्रश लावू नका. हे आजीला पण कळतं, नातवाला पण.

बरं मग ते कच्चं झालेलं परत पक्कं कोण करतं, तर आपली लाळ. लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट दोन्ही असतात, ती आंबटपणा मारते आणि निघालेली खनिजं थोडी थोडी परत बसवते, पण त्याला वेळ द्यावा लागतो, अर्धा तास ते तासभर. अमेरिकन डेंटल असोसिएशन तर आंबट खाल्लं प्यायलं की तासभर थांबा म्हणते. पेस्टमधलं फ्लोराइड या परत बसण्याच्या कामाला मदत करतं. म्हणून जर ब्रश आधीच झालेला असेल, म्हणजे उठल्या उठल्या, तर चहा नाश्त्याच्या वेळी दातांवर फ्लोराइड आधीच हजर असतं. आधी ब्रश का, याचं हे एक कारण.

दुसरं कारण रात्रीचं. झोपेत लाळ जवळजवळ आटते, म्हणून तर सकाळी तोंड कोरडं आणि चिकट असतं, वास येतो. तेवढ्या सहा सात तासांत दातांवर जंतूंचा थर वाढून बसतो, तो बुळबुळीत लागतो ना तोच. हे जंतू साखर खातात आणि आम्ल सोडतात. आता तो थर तसाच ठेवून तुम्ही वर दोन चमचे साखरेचा चहा आणि त्यात बुडवलेली बिस्किटं पाठवली तर तुम्ही त्यांना पंगत वाढली. लोकांना वाटतं चहाच आंबट असेल, तसं नाहीये, दुधाचा चहा काही फार आंबट नसतो, गोची साखरेची आहे. साखर मिळाली की काही मिनिटांतच त्या थराखाली आम्ल तयार होतं आणि ते ओसरायला अर्धा तास किंवा जास्तच लागतो. थर आधीच घासून काढला असेल तर आम्ल करणारेच कमी उरतात. ज्यांना दिवसात पाच सहा कप गोड चहा लागतो त्यांनी हा हिशोब स्वतःच करून बघावा, प्रत्येक कपाला अर्धा अर्धा तास.

आता नातवाचा आणि बऱ्याच जणांचा मुद्दा, की खाल्ल्यावर घासलं तर अन्न निघतं, आधी घासून उपयोग काय, परत घाण होणारच. ऐकायला बरोबर वाटतं. पण अन्नाचे कण काढायला ब्रशच कशाला, चूळ भरा ना. पोहे खाल्ले, त्यावर लिंबू पिळलेलं होतं, मिसळ खाल्ली, तीवर लिंबू, उपम्यावर लिंबू, आपल्याकडे लिंबाशिवाय नाश्ता कुठे असतो, तर खाऊन झालं की साध्या पाण्याने दोन तीन चुळा खळखळून भरायच्या आणि उठायचं. आपल्या घरांत जेवल्यावर चूळ भरायची पद्धत होतीच, पिढ्यानपिढ्या, मोठी माणसं चूळ भरल्याशिवाय पाटावरून उठून दुसऱ्या कामाला लागत नसत. ती आता सुटत चाललीये. हॉटेलात तर टिशूला तोंड पुसलं की झालं.

ज्यांना नाश्त्यानंतरच ब्रश करायचाय त्यांनी करावा, माझं काही म्हणणं नाही, फक्त घड्याळ बघून किमान अर्धा तास जाऊ द्या आणि आंबट असेल तर तासभर. पण खरं सांगा, सकाळी कोणाकडे तो तास असतो? पोरांची स्कूल बस, नोकरीवाल्यांची लोकल, शेतावर जाणारे तर उजाडायच्या आधी बाहेर. नाश्त्यानंतर थांबायला जमत नाही म्हणूनच तर लोक 'लगेच' उरकतात. त्यापेक्षा उठल्यावर आधी घासून टाकणं सोपं, तिथे कोणासाठी थांबायचं नाही.

चव बिघडते ही तक्रार मात्र खरी आहे. पेस्टमध्ये फेस येण्यासाठी जे घातलेलं असतं त्याने जिभेला गोड चव थोडा वेळ कमी कळते, म्हणून ब्रशनंतरचा चहा बेचव लागतो आणि संत्र्याचा रस कडू. दहा पंधरा मिनिटं गेली की जातं. तेवढ्यात मी अंगण झाडते, दूध तापवते, तुळशीला पाणी घालते. चहा तोपर्यंत उकळतोच.

एक गोष्ट मला या सगळ्यात नवीन कळली आणि ती ऐकून आमच्या घरात कोणाचाही विश्वास बसला नव्हता. ब्रश झाल्यावर आपण काय करतो, तांब्याभर पाणी घेऊन चुळांवर चुळा भरतो, घसा खाकरतो, सगळ्या गल्लीला कळतं की अमक्याचं तोंड धुणं चाललंय. तर तसं नाही करायचं. फेस थुंकायचा आणि जास्त पाणी घ्यायचंच नाही, नाहीतर पेस्टमधलं फ्लोराइड कामाला लागायच्या आधीच धुऊन जातं. म्हणून जीभ घासणं, खाकरणं, चूळ भरणं जे काय ते ब्रशच्या आधी उरका आणि ब्रश शेवटी. ब्रश मऊ, हात हलका, दोन मिनिटं. मी पहिले पंधरा दिवस मोबाईलवर टायमर लावला तेव्हा कळलं की मी आयुष्यभर अर्धाच मिनिट घासत होते आणि ते पण कुस्ती खेळल्यासारखं.

आणि पेस्टची ट्यूब वाचा. आपल्या देशातल्या नियमाप्रमाणे पेस्टमध्ये फ्लोराइड १००० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत हजार भागांपेक्षा, जास्त चालत नाही आणि असेल तर तो आकडा ट्यूबवर छापावा लागतो. बऱ्याच आयुर्वेदिक, हर्बल म्हणून विकल्या जाणाऱ्या पेस्टमध्ये ते अजिबात नसतं, घेताना कोणी बघत नाही. तीन वर्षांच्या आतल्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढीच पेस्ट, त्यापुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी, टीव्हीवर दाखवतात तशी ब्रशभर नागमोडी नाही. चंद्रपूर, यवतमाळकडच्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असतं आणि तिथल्या पोरांच्या दातांवर डाग दिसतात, तिथल्या आईबापांनी पोरांची पेस्ट डॉक्टरांना विचारूनच ठरवावी.

सकाळच्या वेळेबद्दल लिहितेय तर मशेरीबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. माझी आई रोज पहाटे चुलीपाशी बसून मशेरी लावायची, चहाच्या आधी, तोंड धुण्याच्या नावाखाली. वेळ बरोबर होती, हातात जे होतं ते विष होतं. तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखू ती, दुसरं काही नाही. तिला कोणीतरी लहानपणी दाढ दुखते म्हणून लावायला शिकवली आणि मग ती सुटली नाही, लावल्याशिवाय पोट साफ होत नाही म्हणायची, डोकं धरतं म्हणायची. पन्नाशीत तिचे दात हलायला लागले, हिरड्या खाली गेल्या, शेवटची कितीतरी वर्षं तिने भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून सरकारने बंदी घातलीये, पण घरी तवा आहे आणि दुकानात तंबाखू आहे तोवर मशेरी होतेच. माझ्या वर्गातल्या मुली सांगायच्या, बाई, माझी आजी लावते, आई पण लावते, आणि एखादी दुसरी तर स्वतःच लावून यायची, बोटं काळी. तुमच्या आरोग्याच्या पानाने दात घासण्याबद्दल लिहायचं ठरवलं असेल तर सातारा सांगली कोल्हापूर सोलापूरकडच्या पहाटेच्या चुलीपाशी काय चालतं ते पण लिहा.

गरोदर बायकांसाठी एक. माझ्या भाचीला तिसऱ्या महिन्यापर्यंत रोज सकाळी उलट्या व्हायच्या आणि ती बिचारी तोंडाला घाण वाटते म्हणून प्रत्येक उलटीनंतर ब्रश करायची. पोटातलं आम्ल लिंबापेक्षा जहाल असतं. तेव्हा ब्रश नाही, पाण्याने चूळ, त्यात चिमूटभर खायचा सोडा घातला तर आणखी चांगलं, आणि ब्रश तासाभराने. ज्यांना ॲसिडिटीने आंबट पाणी तोंडात येतं त्यांनाही हेच लागू.

तुमच्या त्याच पानावर शेजारी एका वाचकाने लिहिलं होतं की आपले पूर्वज एकदाच, सकाळीच दात घासायचे आणि त्यांचे दात शंभर वर्षं टिकायचे. आमच्या कॉलनीत एक निवृत्त संस्कृत शिक्षक आहेत त्यांना मी विचारलं. त्यांनी वाग्भटांच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथातली ओळ काढून दाखवली, 'प्रातर्भुक्त्वा च', म्हणजे सकाळी आणि जेवल्यावर सुद्धा. दात घासायची काडी करंगळीएवढी जाड, बारा बोटं लांब, टोक मऊ केलेलं, आणि हिरड्यांना इजा होऊ द्यायची नाही असंही त्यात आहे. म्हणजे एकदाच घासा असं आपल्या जुन्या लोकांनी पण सांगितलेलं नाही, आणि घसाघस घासा असं तर नाहीच नाही.

दुसरी वेळ कुठली म्हणाल तर रात्रीची, झोपायच्या आधी, आणि ती चुकवायची नाही. ब्रिटनची सरकारी आरोग्य सेवा पण तेच सांगते, झोपण्यापूर्वी एकदा आणि दिवसात आणखी एकदा. आपल्याकडे तोंड धुणं हे अंघोळ, पूजा यांच्या रांगेतलं सकाळचं काम मानलं गेलं त्यामुळे रात्री कोणाला आठवतच नाही. रात्री घासून झोपलात तर सकाळचा थर पण पातळ असतो, दोन्ही एकमेकांना धरून आहेत.

माझं लिंबूपाणी आता बंद आहे. उठल्यावर साधं कोमट पाणी पिते, न धुतल्या तोंडाने पिते, त्याला माझ्या डॉक्टरांची हरकत नाही कारण पाण्याने दात आंबत नाहीत. मग ब्रश, मग पंधरा मिनिटांनी चहा, बिनसाखरेचा. खाचा भरून घेतल्यात, खर्च झाला, आणि गेलेलं कवच काही परत आलेलं नाही, फक्त पुढची झीज थांबलीये असं डॉक्टर म्हणतात. आमच्या वॉकच्या ग्रुपमधल्या चार जणींनी मात्र बागेबाहेरचा आवळ्याचा रस पिऊन घरी आल्या आल्या ब्रश करणं सोडलं. आता त्या जाताना घासून जातात आणि रस प्यायल्यावर तिथल्याच नळावर चूळ भरतात.

तर विनंती एवढीच की ती चौकट दुरुस्त करून परत छापा, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, त्याच जागी. एखाद्या दातांच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या आणि मगच छापा. मी ती कापून आरशावर आधीच्या चौकटीवर चिकटवणार आहे, नातवाला तसं सांगून ठेवलंय.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा